गाडी कोणाचं ऐकते?

जर्मनीत 'एडीएसी' नावाचा वाहनमालकांचा क्लब आहे. नाव क्लबचं असलं तरी आवाका मोठा. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत पाठवण्यापासून नव्या मॉडेलांच्या चाचण्या घेण्यापर्यंत सगळं तो करतो. मोबाइल नेटवर्कला जोडलेल्या गाड्या बाजारात रुळू लागल्या तेव्हा या क्लबला साधा प्रश्न पडला: या गाड्या मालकाबद्दल काय काय कंपनीला कळवतात? ते शोधायला त्याने डीटर श्पार या सुरक्षातज्ज्ञाला बीएमडब्ल्यूची 'कनेक्टेडड्राइव्ह' यंत्रणा उघडून पाहायला सांगितलं. श्पार माहिती कुठे जाते ते बघायला गेला आणि गाडीचं दार उघडायची रीत घेऊन परतला.

त्याला काय दिसलं ते कळायला, ॲपमधून गाडीचं दार उघडतं कसं हे आधी पाहावं लागेल. उभ्या गाडीतले बहुतेक संगणक झोपलेले असतात, नाहीतर आठवड्याभरात बॅटरी उतरेल. फक्त टेलिमॅटिक्स युनिट, म्हणजे सिमकार्ड, मोडेम आणि छोटा संगणक असलेली एक डबी, अर्धवट जागी असते. मालकाने फोनवर बटण दाबलं की निरोप गाडीला जात नाही. तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर गाडीच्या सिमवर एसएमएस टाकतो, त्या एसएमएसने गाडी जागी होते, स्वतःहून सर्व्हरशी संपर्क साधते आणि विचारते, माझ्यासाठी काही काम आहे का? सर्व्हर सांगतो, दार उघड. गाडी दार उघडते. खिशातला फोन आणि दारातली गाडी यांच्यात हातभराचं अंतर असलं, तरी आज्ञा शेकडो किलोमीटर दूरच्या सर्व्हरला वळसा घालून येते.

श्पारने पाहिलेल्या यंत्रणेत शेवटचा संवाद उघड्या एचटीटीपीवर चालला होता. एन्क्रिप्शन नाही आणि समोरचा सर्व्हर खरोखर बीएमडब्ल्यूचाच आहे का याची विचारपूसही नाही. गाडीला जागं करणारा एसएमएस तेवढा एन्क्रिप्ट केलेला होता. पण त्याच्या किल्ल्या सगळ्या गाड्यांत एकच होत्या. एका गाडीतलं युनिट काढून त्यातली चिप वाचली की सगळ्यांच्या किल्ल्या हाती. राहता राहिला गाडीचा चेसिस नंबर, कारण निरोप कोणत्या गाडीसाठी आहे हे त्यावरून ठरे. तर चुकीच्या नंबराचा निरोप आला की गाडी चूक कळवताना आपला खरा नंबर स्वतःच सांगून टाकत असे! श्पारने एक लहानसा बनावट मोबाइल टॉवर उभा केला, गाडीला आपल्या नेटवर्कवर ओढलं आणि बीएमडब्ल्यूचा सर्व्हर असल्याचं सोंग घेऊन तिला दार उघडायला सांगितलं. तिने ऐकलं.

३० जानेवारी २०१५ रोजी ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा बीएमडब्ल्यू, मिनी आणि रोल्स-रॉइस धरून २२ लाख गाड्या तिच्या कक्षेत येत होत्या. कोणालाही वर्कशॉपमध्ये जावं लागलं नाही. त्याच मोबाइल जोडणीवरून कंपनीने गाड्यांना नवी मांडणी पाठवली आणि उघड्या एचटीटीपीऐवजी एचटीटीपीएस सुरू केलं. दुरुस्ती चटकन झाली हे चांगलंच. पण ब्राउझरमध्ये एसएसएल, म्हणजे एचटीटीपीएसच्या मागचं एन्क्रिप्शन, येऊन तोवर वीस वर्षं झाली होती. इंटरनेटवर पुस्तक विकत घेताना जी काळजी घेतली जात होती, ती महागड्या गाडीचं दार उघडताना घेतलेली नव्हती.

०००

याला अभियंत्यांचा निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. गाडीच्या आतल्या जगात विश्वास गृहीतच धरलेला होता. बॉश कंपनीने १९८३ साली एका नव्या जाळ्यावर काम सुरू केलं आणि १९८६च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमध्ये ते जगापुढे मांडलं. कॅन बस हे त्याचं नाव. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, खिडक्या यांचे वेगवेगळे संगणक दोन तारांवर एकमेकांशी बोलू लागले आणि गाडीतला तांब्याच्या वायरींचा भारा हलका झाला. या जाळ्यातली वागणूक जुन्या वाड्याच्या चौकासारखी. कोणीही चौकात येऊन मोठ्याने काही बोलावं, ज्याला ते लागू पडतं त्याने ऐकावं. संदेशावर विषयाचा क्रमांक असतो, बोलणाऱ्याचं नाव नसतं. 'ब्रेक दाबा' हे ब्रेकच्या संगणकाने म्हटलं की रेडिओने, हे ऐकणाऱ्याला कळायची सोय नाही. दिंडीदरवाजा बंद होता तोवर यात काही बिघडत नव्हतं. रेडिओला सिमकार्ड मिळालं आणि तो दरवाजा उघडला.

तो उघडल्यावर काय होऊ शकतं हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन दिएगो केंद्र इथल्या संशोधकांनी. २०१०च्या त्यांच्या पहिल्या निबंधावर गाडी उद्योगाचं म्हणणं साधारण असं होतं की, गाडीत बसून, वायर जोडून काहीही करता येतं, त्यात नवल काय! मग २०११मध्ये त्यांनी दुसरा निबंध आणला आणि तेच सगळं गाडीला हात न लावता करून दाखवलं. गाण्याच्या सीडीतून, ब्लूटूथवरून आणि मोबाइल जोडणीवरूनही.

यातला मोबाइलचा भाग मला अजूनही विलक्षण वाटतो. त्या गाडीत आवाजाच्या कॉलवरून डेटा पाठवणारा मोडेम होता, कारण तेव्हा डेटाचं नेटवर्क सगळीकडे पोचलेलं नव्हतं. गाडीला फोन लावायचा, ती उचलणार, मग दोघांनी सूर काढून बोलायचं. फोन करणारा खरा आहे का हे तपासायला गाडी दर वेळी एक संख्या द्यायची आणि तिचं बरोबर उत्तर मागायची. संख्या अंदाजाबाहेरची हवी. पण युनिट सुरू झालं की संख्यांची तीच रांग पहिल्यापासून सुरू व्हायची. त्याहून गमतीची चूक पुढेच होती. साधारण दर २५६ संख्यांमागे एका संख्येला विशिष्ट घडणीचं चुकीचं उत्तरही गाडी बरोबर मानून घ्यायची. म्हणजे फक्त फोन करत राहायचं. सरासरी १२८ कॉलनंतर गाडी आत घेत होती.

आत गेल्यावरही एक अडथळा होता. मोडेमचा वेग इतका मंद की सॉफ्टवेअर फोडणारा मजकूर पोचवायला १४ सेकंद लागत आणि गाडी १२ सेकंदांत फोन ठेवून देत असे. संशोधकांनी आधी ओळख पटवून घेतली, गाडीलाच ती मुदत ६० सेकंदांवर न्यायला सांगितली आणि पुन्हा फोन लावला. शेवटी त्यांनी तो सगळा मजकूर आवाजात बदलून एका फाइलमध्ये घातला. ऑफिसच्या साध्या फोनवरून गाडीचा नंबर लावायचा आणि फोनच्या तोंडाशी ते 'गाणं' वाजवायचं. गाडी ताब्यात.

निबंधात कंपनीचं नाव नव्हतं. ते २०१५मध्ये 'वायर्ड'ने छापलं: जनरल मोटर्स, २००९ची शेव्हर्ले इम्पाला, 'ऑनस्टार' यंत्रणा. पूर्ण दुरुस्तीला कंपनीला जवळपास पाच वर्षं लागली, कारण विकलेल्या गाडीतलं सॉफ्टवेअर दुरून बदलायची नीट सोयच तोवर नव्हती. संशोधकांनी नाव झाकून ठेवलं हे बरं की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझ्या मते नाव झाकल्यामुळे बाकीच्या कंपन्यांना तो शेजाऱ्याचा प्रश्न वाटत राहिला.

मग जुलै २०१५ उजाडला. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक यांनी सेंट लुइस शहराजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा वेग घराच्या सोफ्यावर बसून काढून घेतला. स्टिअरिंगवर 'वायर्ड'चा पत्रकार अँडी ग्रीनबर्ग होता. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातला थरार बाजूला ठेवतो. सांगण्यासारखे आहेत ते तिच्यातले तपशील. गाडीच्या वाय-फायचा पासवर्ड गाडी पहिल्यांदा सुरू झाल्याच्या वेळेवरून बनत होता. पण कारखान्यात पहिल्यांदा सुरू होताना गाडीला खरी वेळ माहीतच नसते. तिचं घड्याळ १ जानेवारी २०१३ची मध्यरात्र धरून चाले आणि काही सेकंदांनी पासवर्ड तयार होई. या दोघांच्या गाडीत ३२ सेकंदांनी झाला होता. पासवर्ड दिसायला बारा अक्षरांचा. खरोखर शक्य असलेले मात्र मोजकेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की ६६६७ क्रमांकाच्या पोर्टवर एक सेवा ओळख न विचारता आज्ञा घेत होती आणि ती मोबाइलच्या बाजूनेही उघडी होती. स्प्रिंट कंपनीच्या नेटवर्कवरचं कोणतंही उपकरण देशातल्या अशा कोणत्याही गाडीपर्यंत पोचू शकत होतं.

फियाट क्रायस्लरने १४ लाख गाड्या परत बोलावल्या. 'बोलावल्या' म्हणजे मालकांना टपालाने पेनड्राइव्ह पाठवले आणि ते गाडीत लावायला सांगितले. टपालाने आलेली अनोळखी वस्तू गाडीच्या संगणकात खुपसायची सवय लोकांना लावणं, हा सुरक्षेचा काय धडा झाला? खरा उपाय आधीच झाला होता आणि तो गाडी कंपनीच्या हातचा नव्हता. स्प्रिंटने आपल्या नेटवर्कवर तो पोर्ट बंद केला.

०००

यानंतरच्या वर्षांत गाडी आणि सर्व्हर यांच्यातली वाट खरोखर पक्की झाली. नव्या पद्धतीत दोन्ही बाजूंना ओळखपत्र दाखवावं लागतं. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो, गाडीही आपलं दाखवते, आणि मगच टीएलएसचं, म्हणजे एसएसएलच्या पुढच्या आवृत्तीचं, एन्क्रिप्शन सुरू होतं. प्रत्येक गाडीची खासगी किल्ली वेगळी असते. ती टेलिमॅटिक्स युनिटमधल्या एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये तयार होते आणि तिथून कधी बाहेर पडत नाही. एक गाडी फोडली तर एकच गाडी फुटते. सिमकार्डही खुल्या इंटरनेटवर न जाता कंपनीच्या खासगी जाळ्यातच उतरतं. आत, मनोरंजनाची स्क्रीन आणि इंजिन-ब्रेकचं जाळं यांच्यामध्ये गेटवे बसवला जातो. तो ठरलेल्या संदेशांनाच पलीकडे जाऊ देतो.

कागदावर हे सोपं दिसतं, कारखान्यात नाही. गाडीत साठ-सत्तर संगणक, ते वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात. असेंब्ली लाइन मिनिटा-दोन मिनिटांना एक गाडी पुढे सरकवते. तेवढ्यात या युनिटची किल्ली, हे सिम आणि हा चेसिस नंबर यांची गाठ कंपनीच्या सर्टिफिकेट यंत्रणेत पडायला हवी. नेटवर्क अडलं म्हणून लाइन थांबवायची का? थांबवणार नसाल तर किल्लीविना पुढे गेलेल्या गाड्यांचं काय? पाच वर्षांनी मेकॅनिकने युनिट बदललं तर नव्या युनिटला ओळखपत्र कोण देणार? मेकॅनिकलाच तो अधिकार दिला तर एका मेकॅनिकचा लॅपटॉप चोरीला जाणंही पुरेसं ठरतं.

आणखी एक अडचण काळाची आहे. फोन तीन-चार वर्षांत बदलतो, गाडी पंधरा वर्षं चालते. सर्टिफिकेटला मुदत असते आणि ती संपली का हे पाहायला गाडीला खरी तारीख कळावी लागते. जानेवारी २०२२मध्ये कित्येक जुन्या होंडा गाड्यांची घड्याळं अचानक २००२ सालात जाऊन बसली. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ला संपून पुन्हा शून्यापासून सुरू होते. तो हिशेब सॉफ्टवेअरने सांभाळला नाही की असं होतं. तिथे नुसतं डॅशबोर्डवरचं घड्याळ चुकलं. अशाच घड्याळावर विसंबून सर्टिफिकेट तपासणारी गाडी खऱ्या सर्व्हरलाही नाकारेल किंवा मुदत संपलेल्या भामट्याला आत घेईल. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत एटी अँड टीने ३जी बंद केलं आणि कित्येक चांगल्या चालत्या गाड्यांची सर्व्हरशी असलेली जोडणी कायमची तुटली. तशा गाडीला सुरक्षेची पुढची दुरुस्ती आता हवेतून मिळणार नाही.

हे सगळं किचकट असलं तरी अभियंत्यांच्या आवाक्यातलं आहे, आणि बऱ्याच कंपन्यांनी ते बऱ्यापैकी केलंही. नंतरची मोठी प्रकरणं पाहिली तर बहुतेकांत ही वाट कोणी तोडलेली दिसत नाही. चोराला तिची गरजच पडलेली नाही.

०००

फेब्रुवारी २०१६मध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने निस्सान लीफबद्दल लिहिलं. नॉर्वेत त्याच्या प्रशिक्षणवर्गाला आलेल्या एकाला आपल्या लीफच्या ॲपचे निरोप तपासताना दिसलं की सर्व्हर फक्त चेसिस नंबर विचारतो. पासवर्ड नाही, काही नाही. शेवटचे आकडे बदलले की दुसऱ्याची लीफ. हंटने ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या स्कॉट हेल्मच्या गाडीचा एसी चालू करून दाखवला. चेसिस नंबर हे काही गुपित नसतं. कित्येक गाड्यांत तो समोरच्या काचेतून दिसतो. निस्सानने ॲपची सेवा बंद ठेवली. इथे गाडीची आणि सर्व्हरची आपसातली ओळख पटलेली होती. फक्त सर्व्हरला निरोप देणारा माणूस कोण, हे कोणी विचारत नव्हतं.

पुढच्या वर्षीचं टेस्लाचं प्रकरण याहून गंभीर. ते लोकांना कळलं २०२०मध्ये. मार्च २०१७मध्ये जेसन ह्यूजला टेस्लाच्या 'मदरशिप' सर्व्हरमध्ये चुकांची अशी साखळी सापडली की चेसिस नंबर माहीत असेल त्या कोणत्याही टेस्लाला त्याला आज्ञा देता येत होती. खात्री पटवण्यासाठी त्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या घरी बसून कॅलिफोर्नियातली एक टेस्ला हलवून दाखवली. कंपनीने लगेच दुरुस्ती केली आणि ५०,००० डॉलरचं बक्षीस दिलं. त्यानंतर काही महिन्यांनी, जुलैमध्ये, अमेरिकेतल्या राज्यपालांच्या मेळाव्यात इलॉन मस्कने सगळ्या टेस्ला गाड्या एकदम कोणाच्या तरी ताब्यात जाण्याच्या धोक्याबद्दल सांगितलं. कोणी त्या सगळ्या ऱ्होड आयलंडला धाडल्या तर काय, असा विनोदही केला. लोक हसले. त्यांच्यापैकी कोणाला मार्चमधली गोष्ट माहीत नव्हती.

चोर एक-एक दार उघडत बसणार नाही, हे या प्रकरणातून दिसतं. रस्त्यावर उभं राहून बनावट टॉवर चालवणाऱ्याला एक गाडी मिळते. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्याला सगळ्या मिळतात, आणि मधलं एन्क्रिप्शन जितकं पक्कं तितक्या निमूटपणे त्या ऐकतात, कारण आज्ञा खरोखर कंपनीच्याच सर्व्हरवरून, खऱ्या सर्टिफिकेटसह आलेली असते.

सॅम करी या तरुण अमेरिकन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. त्यांनी गाडीला हात लावला नाही, वेबसाइटी चाळल्या. जून २०२४मध्ये त्यांना कियाच्या डीलरांसाठीच्या पोर्टलवर स्वतःची डीलर म्हणून नोंदणी करता आली. त्यानंतर नंबरप्लेटवरून चेसिस नंबर, त्यावरून मालकाचं नाव, फोन, ईमेल. मग मालकाला खाली ढकलून स्वतःला मुख्य वापरकर्ता करायचं. तीसेक सेकंदांत काम. मालकाला साधी सूचनाही जात नव्हती. ऑगस्टमध्ये कियाने ते बंद केलं.

सुबारूचं प्रकरण मला जास्त लागलं. नोव्हेंबर २०२४मध्ये करी आणि शुभम शाह यांनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठीचं 'स्टारलिंक' पोर्टल शोधून काढलं. पासवर्ड बदलायला कर्मचाऱ्याचा ईमेल पुरत होता. ओटीपीसारखी दुसरी तपासणी होती, पण ती पानावर टाकलेला नुसता पडदा होता. ब्राउझरमध्ये तो बाजूला सारला की काम झालं. आत करीच्या आईच्या इम्प्रेझाची वर्षभराची ठिकाणं होती. तीही साधारण सोळाशे. गाडी जिथे जिथे सुरू झाली ती प्रत्येक जागा, काही मीटरच्या फरकाने. दवाखाना, मैत्रिणीचं घर, कुठल्या पार्किंगमध्ये कुठे. कळवल्यावर २४ तासांच्या आत दुरुस्ती झाली आणि कंपनीचं कौतुक झालं. पण दुरुस्ती कशाची? बाहेरच्यांना शिरायची वाट बुजवली. कर्मचाऱ्याला आईची वर्षभराची ठिकाणं दिसायची सोय तशीच राहिली, कारण कंपनीच्या लेखी ती चूक नव्हतीच.

मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. सर्व्हरने जे साठवलेलं नाही ते कोणी चोरू शकत नाही. जी आज्ञा देण्याची ताकद सर्व्हरकडे नाही, ती देण्याची ताकद चोरालाही मिळत नाही. सुरक्षेची चर्चा मात्र कुलुपांवरच खर्ची पडते. कपाटात एवढं काय आणि कशासाठी ठेवलंय, हे विचारताना सगळे संकोचतात, कारण तो डेटा विकता येतो. फोक्सवागनच्या 'कॅरियाड' या सॉफ्टवेअर कंपनीचं २०२४च्या डिसेंबरमधलं प्रकरण पाहा. 'डेर श्पीगल' आणि 'केऑस कॉम्प्युटर क्लब' यांनी उघड केलं की सुमारे आठ लाख विजेच्या गाड्यांची माहिती क्लाउडवर नीट बंद न करता पडून होती. त्यातल्या साधारण ४ लाख ६० हजार गाड्यांची नेमकी ठिकाणंही होती. फोक्सवागन आणि सिआटच्या बाबतीत दहा सेंटिमीटरपर्यंत नेमकी. गाडी वाहनतळाच्या कुठल्या रकान्यात लावली तेही कळावं इतकी. हॅम्बुर्ग पोलिसांच्या गाड्याही त्यात. बॅटरी आणि चार्जिंग सुधारायला हा डेटा लागतो, असं कंपनीचं म्हणणं. बॅटरीला दहा सेंटिमीटरने काय फरक पडतो, हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. टोयोटाच्या बाबतीत तर २०२३मध्ये कळलं की जपानमधल्या साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती क्लाउडच्या चुकीच्या मांडणीमुळे जवळपास दहा वर्षं उघडी होती.

०००

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध वाचकापुरता नाही. पुणे-चाकण-रांजणगाव पट्ट्यात गाड्या बनतात; हिंजवडीत आणि आसपास जगभरच्या गाडी कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं जातं. कोथरूडच्या टेकडीवर 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' म्हणजे एआरएआय ही १९६६ सालची संस्था आहे. वाहनांची भारतीय मानकं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय तिच्याकडे आहे. म्हणून नियमांची भाषाही बरीचशी पुण्यातच लिहिली जाते.

टाटा मोटर्सचं प्रकरण ऑक्टोबर २०२५मध्ये 'टेकक्रंच'ने छापलं. ईटन झ्वेरे या संशोधकाला २०२३मध्ये कंपनीच्या व्यावसायिक वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या 'ई-दुकान' संकेतस्थळाच्या कोडमध्ये ॲमेझॉन क्लाउडच्या गुप्त किल्ल्या सापडल्या. कोणीही ब्राउझरमध्ये पाहाव्यात अशा. त्यांतून ग्राहकांची लाखो बिलं, त्यांवरची नावं, पत्ते आणि पॅन नंबर दिसू शकत होते. ट्रकमालक ताफ्यावर नजर ठेवायला जी 'फ्लीटएज' सेवा वापरतात, तिच्याशी संबंधित ७० टेराबाइटहून जास्त डेटाही होता. झ्वेरेने सायबर सुरक्षेसाठीच्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेमार्फत कळवलं. सगळ्या त्रुटी २०२३मध्येच दूर केल्याचं कंपनीने सांगितलं. ट्रकमधल्या यंत्राने डेटा कितीही जपून सर्व्हरपर्यंत आणला असो, सुट्या भागांचं दुकान त्याच अंगणात उघडत होतं.

इंटरनेटला जोडलेल्या गाड्या आपल्याकडे सर्वसामान्यांच्या बोलण्यात आल्या त्या २०१९मध्ये, ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टरच्या जाहिरातींमुळे. पण बस-टॅक्सीत हा विषय त्याआधीच शिरला होता. 'एआयएस-१४०' या मानकानुसार नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण सक्तीचं झालं. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतरच्या अस्वस्थतेतून आलेली ही सोय. बटण दाबलं की निरोप नियंत्रण कक्षाच्या सर्व्हरपर्यंत पोचलाच पाहिजे. इथे सुरक्षेचा अर्थच बदलतो. गाडी कोणी पळवू नये एवढ्यावर भागत नाही. निरोप कोणी अडवू नये, खोटा पाठवू नये आणि त्या प्रवाशाचा माग भलत्याला लागू नये, हेही पाहावं लागतं.

जागतिक पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने जून २०२०मध्ये दोन नियम संमत केले. आर-१५५ सायबर सुरक्षेसाठी, आर-१५६ सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी. युरोपीय संघात जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या गाडीला ते लागू आहेत. पोर्शने पेट्रोलची मकान आणि ७१८ तिथल्या बाजारातून काढून घेतल्या, कारण जुन्या घडणीच्या गाड्या नव्या नियमात बसवणं परवडणारं नव्हतं. भारतासाठी 'एआयएस-१८९' आणि 'एआयएस-१९०' ही मानकं याच वळणावर बेतली आहेत. या नियमांचा गुण असा की ते अमुक कुलूप लावा म्हणून सांगत नाहीत. गाडी रस्त्यावर असेपर्यंत धोक्यांवर लक्ष ठेवा, सर्व्हर आणि पुरवठादारही त्यात धरा, आणि ते करताय याचा पुरावा द्या, असं सांगतात. दोषही तोच. पुरावा म्हणजे कागद, आणि कागदाच्या बाबतीत आपण कोणाला हार जात नाही.

तांत्रिक बाजूने सगळ्यात समंजस विचार मला 'अपटेन'मध्ये दिसतो. न्यूयॉर्क विद्यापीठातले जस्टिन कॅपोस, मिशिगन विद्यापीठाची वाहतूक संशोधन संस्था आणि टेक्सासची साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या कामातून ही रचना २०१७च्या सुमारास पुढे आली. ती सुरू होते तीच या गृहीतकापासून की कंपनीचा सर्व्हर कधी ना कधी फुटणार. म्हणून सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर दोन वेगळ्या भांडारांच्या स्वाक्षऱ्या लागतात. एक भांडार ऑनलाइन असतं आणि कोणत्या गाडीला काय द्यायचं ते ठरवतं. दुसऱ्याच्या किल्ल्या इंटरनेटपासून तोडून, तिजोरीत ठेवलेल्या असतात; हे सॉफ्टवेअर अस्सल आहे एवढंच ते सांगतं. दोघांचं म्हणणं जुळलं तरच गाडी ते बसवते. ऑनलाइन सर्व्हर चोराच्या हाती गेला तरी त्याला आपलं सॉफ्टवेअर गाडीत घुसवता येत नाही. जुनी, भोकं असलेली आवृत्ती पुन्हा पाठवायचा डाव ओळखायचीही सोय आहे. गाडीने आपल्या कंपनीवरही पूर्ण विसंबू नये, हे मान्य करायला अभियंत्यांना तीस वर्षं लागली. दार उघडण्या-लावण्याच्या रोजच्या आज्ञांना मात्र अशी दुहेरी स्वाक्षरी सहसा नसते. तिथे अजून एकाच सर्व्हरचा शब्द चालतो.

०००

राहतो तो मालक. २०१७मध्ये आयबीएमच्या चार्ल्स हेंडरसनने सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरएसए परिषदेत सांगितलं की त्याने आपली जुनी गाडी विकून बराच काळ लोटला, तरी त्याच्या फोनवरचं ॲप तिचं ठिकाण दाखवत होतं आणि दार उघडू शकत होतं. विकण्याआधी त्याने गाडीतली सगळी माहिती शिस्तीत पुसली होती. पण गाडी पुसली की गाडीतलं पुसलं जातं. नाव सर्व्हरवर असतं. गाडीवर कोणाकोणाचा फोन जोडलेला आहे याची यादी नव्या मालकाला गाडीच्या स्क्रीनवर दिसत नव्हती. ती डीलरकडे दिसत होती.

आपल्याकडे गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरतात. त्यांत विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक, कर्जाची नोंद, चेसिस नंबर, सगळं येतं. सर्व्हरवरचं खातं कोणाच्या नावावर आहे, याला रकाना नाही. एजंट आरसी बुक हातात देतो, दुसरी किल्ली देतो, विम्याची कागदपत्रं देतो. आधीच्या मालकाचं खातं काढायला कंपनीच्या डीलरकडे वेगळं जावं लागतं. बहुतेक लोक जात नाहीत, कारण तसं काही असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.